नळीवरून उचललेल्या सायकली

पाऊस नव्हता, पण हवेत इतका ओलावा होता की हँडलवरून बोट फिरवलं तर रेघ उमटावी. कालव्याकाठच्या वाटेवर एक काळी रबरी नळी आडवी पडली होती. सकाळच्या फेरीला निघालेली ती उतरली, सायकल वीतभर उचलली आणि नळी ओलांडू लागली... तेवढ्यात शेजारच्या झुडपातून एक माणूस ताडकन उभा राहिला.

"अहो, उचलू नका! उचलू नका ना!"

ती दचकली, पण सायकल तिने हातातून सोडली नाही. माणूस तिशीतला, हातात वही, केसांत काटकी अडकलेली.

"चालवत न्या. नळीवरून, सरळ. काही होत नाही तिला."

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग वाटेच्या टोकाला दिसणाऱ्या बाकाकडे हात केला.

"बोलता येत नाही तुम्हाला?"

तिने मान हलवली – येतं.

"मग... बोलायचं नाहीये? माझ्याशी?"

आता मात्र तिला हसू आवरेना. आठ वर्षांचा नेम होता तिचा. उठल्यापासून सकाळची फेरी संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. चाक पंक्चर झालं तेव्हाही तिने तो मोडला नव्हता, कुत्रं मागे लागलं तेव्हाही नाही. आणि स्वभाव असा चौकस, की रस्त्यात अनोळखी पेटी दिसली तरी तिच्यात काय असेल याचा दिवसभर विचार करायची. त्यामुळे मौन तिला जरा जास्तच जड जायचं. आज तर फारच.

"बरं," तो तिच्या सायकलीच्या बाजूने चालू लागला. "मग मीच बोलतो. मी रस्ते विभागाचा. मोजणीवाला. ही नळी पाण्याची नाही, मोजणीची आहे. चाकाखाली दबली की त्या खांबावरच्या डब्यात नोंद होते. सात दिवसांत रोज सरासरी दोनशे सायकली भरल्या तर वाट राहील. नाही भरल्या तर बंद. इथे गाड्या उभ्या करायची जागा होणार."

तिचे पाय थबकले.

"आज पाचवा दिवस. सोमवारी किती भरल्या माहितीय? अकरा! मंगळवारी नऊ. बुधवारी सात. डोळ्यांना माणसं दिसतात अडीचशे आणि डबा म्हणतो सात! का, तर जो येतो तो उतरतो, सायकल उचलतो, नळी ओलांडतो आणि पुन्हा बसतो. इतकी सभ्य माणसं मी उभ्या आयुष्यात पाहिली नाहीत. कुणीतरी तिथे बोर्ड लावलाय म्हणे..."

बाक आला. सकाळच्या फेरीची मंडळी तिथे आधीच टेकली होती. भूमितीचे निवृत्त मास्तर होते, टपालवाले काका होते, आणखीही पाचसहा जण. ती बाकावर बसली आणि तिने तोंड उघडलं.

"तो बोर्ड माझा आहे."

मोजणीवाला पाहतच राहिला.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी या मंडळींच्या चाकांखाली काठच्या बागेतल्या माळीबुवांची पाण्याची नळी फुटली होती. माळीबुवांनी सगळ्यांना असं काही झापलं, की त्या दिवसापासून मंडळींनी ठरवून टाकलं, आडवी नळी दिसली की उतरायचं. सोमवारी नवी नळी दिसल्यावर तिनेच पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'कृपया सायकल उचलून न्यावी'. ती पुस्तकांची बांधणी करायची. चांगला पुठ्ठा आणि वळणदार अक्षर, दोन्ही घरचंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही वाचलं आणि ऐकलं.

"सुवाच्य अक्षराचे दुष्परिणाम," मास्तर म्हणाले.

"त्यात काय एवढं!" टपालवाले काका उठलेच. "आम्ही आठ जण दिवसभर पुढे-मागे करतो. दोनशे काय, दोन हजार करून दाखवू."

"नको, काका," ती हळूच म्हणाली. "खोट्या आकड्यावर वाट वाचली, तर रोज तिच्यावरून जाताना मला टोचेल."

"फेरमोजणी होऊ शकते," मोजणीवाला म्हणाला. "पण चूक कशी झाली आणि कळवायला उशीर का झाला, हे लेखी द्यावं लागेल."

"उशीर कसला? तुम्हाला आजच कळलं ना?"

त्याने केसांतली काटकी काढली. उगाच न्याहाळली.

"बुधवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"मग काल?"

"काल... आलो होतो. झुडपातच होतो."

"आणि बोलला नाहीत?"

"कारण आहे त्याला."

तिचा राग उलट्या बाजूने चढायचा. जितकी रागवायची, तितका आवाज खाली जायचा. आता तर सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"दोन वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यावर एका ट्रकने मला उडवलं. कोपरात अजून धातूची पट्टी आहे. त्यानंतर मला सायकलवर बसता येतं ते फक्त या वाटेवर. ही गेली, तर माझी सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. आणि तुमच्याकडे कारण आहे!"

ती निघून गेली. त्याने खिशातून पेन काढलेलं तिला वळणावरून दिसलं.

घरी आत्या पुस्तकं शिवायच्या चौकटीपाशी बसली होती. दोघींचंच घर, पुढच्या खोलीत काम.

"कोण म्हणे तो?"

"मोजणीवाला."

"झुडपात बसून मोजतो?"

"हो."

"काय?"

"सायकली, आत्या! अजून काय मोजणार?"

"मला काय माहीत बाई. मी आपली विचारतेय." आत्याने दोरा दाताने तोडला. "दिसायला?"

"केसांत काटकी होती."

"एवढं बघितलंस म्हणजे बरंच बघितलंस. ते हातातलं खाली ठेव आधी. मुखपृष्ठ उलटं चिकटवलंयस."

तिने पाहिलं. खरंच उलटं होतं. खळ अजून ओली होती म्हणून निभावलं. पण डोक्यातला प्रश्न काही निघेना. बुधवारी कळलं, शुक्रवारी सांगितलं. मधल्या गुरुवारी हा माणूस झुडपात बसून करत काय होता?

शनिवारी वाटेवर नोटीस लागली. पहिली मोजणी रद्द, सोमवारपासून नवी. आधीच्या कर्मचाऱ्याला या वाटेवरून काढलं होतं. तिने नोटीस दोनदा वाचली आणि मग, कारण नसताना, झुडपाकडे बघितलं. तिथे एक चिमणी होती.

रविवारी मंडळी वाटेचे खड्डे भरायला जमली. पावसाचं पाणी साचून तीन खड्डे झाले होते आणि एका झाडाचं मूळ वर आलं होतं. मास्तर दोरी ताणून उतार काढत होते. ती खडीचं घमेलं उचलायला वाकली, तर डावीकडून दुसऱ्याच कुणाचा तरी हात आला. पट्टी होती त्याच कोपराच्या बाजूने.

"तुम्ही? तुम्हाला मनाई आहे ना?"

"नळीला हात लावायची. खड्ड्याला नाही."

घमेलं घेऊन तो पुढे गेला, खडी ओतली, बुटाने सारखी केली. जरा जास्तच वेळ सारखी केली.

"कारण दिलंत?" तिने मागे जाऊन विचारलं.

"दिलं."

"काय लिहिलंत?"

"सरकारी कागद आहे. गोपनीय."

"झुडपाचं लिहिलंत?"

"झुडपाचं लिहिलं. डासांचंही लिहिलं."

"आणि गुरुवारचं?"

"तुम्ही फार प्रश्न विचारता हो. सकाळी बऱ्या होतात."

"सकाळी मनात विचारते."

तो हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "तुमचा दिवस मी घालवला. त्याची मला लाज वाटते. ते मात्र गोपनीय नाही."

तिने फावडं त्याच्या हातात दिलं. "हे मूळ तोडू नका. वाटच जरा उचलून घेऊ."

"पुन्हा उचलायचं?" तो म्हणाला, आणि टपालवाले काका दोरी सोडून हसत सुटले.

नव्या आठवड्यात नळीपाशी छत्री घेतलेल्या एक जाडजूड बाई बसल्या. त्या कुणाशीच बोलत नसत. बोर्ड निघाला होता, पण सवय कुठे जाते? पहिल्या दिवशी निम्मी माणसं नळीपाशी येऊन अडखळली, सायकल उचलायला वाकली, आठवण झाली, लाजून पुन्हा बसली. ती रोज चालवत गेली. एकदाच जायची, एकदाच यायची. एका सकाळी पाण्याची बाटली बाकावर विसरली म्हणून परत जायची वेळ आली, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहू दिली. जास्तीची एक फेरी नको.

पुढच्या मंगळवारी रस्ते विभागाच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. मास्तरांचा गुडघा जिना चढू देत नव्हता, म्हणून मंडळींतर्फे सहीला तीच गेली. दुसऱ्या मजल्यावर लांब खोली, फायलींचे गठ्ठे, खिडकीपाशी करकरणारा पंखा. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"दोनशे एकोणचाळीस."

तिला आधी कळलंच नाही. मग मनगटाने डोळे पुसावे लागले.

"सरासरी. वाट राहते. मुळापाशी भर घालू, दिवेही देऊ. रडताय कशाला? सही करायचीय. आणि प्रत्येक पान वाचून करा. नंतर माहीत नव्हतं म्हणायचं नाही."

पहिलं पान मोजणीचं. दुसरं दुरुस्तीचं. तिसऱ्या पानावरचं अक्षर पाहून तिच्यातली बाइंडर कळवळली. ओळी खाली घसरलेल्या, काने मोडलेले. पण वाचता येत होतं.

'विलंबाचे कारण: चूक बुधवारी लक्षात आली. गुरुवारी सांगणे आवश्यक होते. सांगितले असते तर माझे काम संपले असते व पुन्हा तेथे जाण्यास निमित्त उरले नसते. कारण वैयक्तिक असून संबंधित व्यक्तीस अद्याप कळविलेले नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.'

खाली दुसऱ्या शाईत मोठ्या बाईंचा शेरा होता, 'ताकीद दिली. तीन महिने नदीपलीकडील मोजणीवर पाठवावे. कारण खरे वाटते.'

तिने पान पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"एवढं अवघड आहे का ते?" मोठ्या बाई म्हणाल्या. "पेनातली शाई वाळतेय. आणि तो माणूस सकाळपासून जिन्यात उभा आहे, त्याला घरी जायला सांगा. नदीपलीकडे उद्यापासून हजर व्हायचंय त्याला."

तिने सही केली. शाई वाळायची वाट न पाहता ती जिन्याकडे निघाली.

तो जिन्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभा होता. तिला पाहताच सरळ झाला.

"किती?"

"दोनशे एकोणचाळीस."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. ती दोन पायऱ्या खाली आली आणि थांबली. खालच्या मजल्यावर कुणीतरी टंकलेखन करत होतं.

"तिसरं पान वाचलं मी," ती म्हणाली. "'अद्याप कळविलेले नाही.' अद्याप म्हणजे... अजून किती दिवस?"

त्याचे कान लाल झाले. वही या हातातून त्या हातात गेली.

"गुरुवारी मी मोजायला आलो नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला बघायला आलो होतो. शुक्रवारीही त्यासाठीच आलो होतो. पण राहवेना, म्हणून ओरडलो. आता नदीपलीकडे जातोय. रोज संध्याकाळी या काठाला यायची परवानगी... तुमच्याकडून हवीय."

"अर्ज लेखी आला आहे," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता, की त्याला एक पायरी वर यावं लागलं. "उत्तरही लेखी हवं?"

"तोंडी चालेल. नोंद मी करून घेईन."

"हो."

"काय म्हणालात?"

"हो म्हणाले."

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पुन्हा ऐकायचं होतं."