दुसरा तक्ता

दुपारी पावणेचारला डॉक्टरबाई वॉर्डात गेल्या त्या फक्त एक पाकीट आणायला. मनाच्या आजारावरच्या नव्या औषधाची त्या पाहणी करत होत्या. पद्धत ठरलेली. दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाशी वेगवेगळं बोलायचं, एकमेकांचं न बघता तक्त्यात गुण भरायचे. वीस वर्षांत बाईंनी एकदाही आपला आकडा बदलला नव्हता.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींची सुटका आज पाकिटातल्या त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या तक्त्यावर अवलंबून होती. लेक बोचकं बांधूनच उभी होती.

"नेऊ ना हो आईला? तिची गादी उन्हात घालून आलेय."

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांच्या तक्त्यात 'नसलेली माणसं दिसणे' यापुढे चार होते, सगळ्यांत वाईट. रोज चारला एक म्हातारे डॉक्टर येऊन 'झोप लागली का' विचारतात, असं आजी सांगायच्या.

सिस्टरने पाकीट दिलं.

"दुसरे डॉक्टर कधी येऊन गेले?"

"ते? आठवडाभर रजेवर आहेत. घरी ताणून दिली असेल."

"मग हे...?"

"इथल्या तुमच्याच टेबलावर होतं, बाई."

आतला तक्ता पेन्सिलीने भरलेला होता, जुन्या वळणाच्या अक्षरात. कागदाला कापराचा मंद वास. 'नसलेली माणसं दिसणे: शून्य. आजी खरं बोलतात. घरी जाऊ द्या.'

"रागावू नका त्यांच्यावर," आजी हळूच म्हणाल्या. "भला माणूस आहे. फक्त चालताना पाय वाजत नाहीत."

बाईंनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी आपला चारचा आकडा खोडला आणि सुटकेच्या कागदावर सही केली.

लेकीचा हात धरून निघालेल्या आजी दारात थबकल्या. "आता त्यांच्याशी बोलायला कोणी नाही. तुम्ही बसा हो थोडं."

पावलं जिना उतरून गेली. वॉर्ड शांत झाला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

पाकिटाची घडी करताना आत आणखी एक कागद हाताला लागला. जवळजवळ कोरा तक्ता. आजची तारीख, वेळ चार. रुग्णाच्या जागी बाईंचं नाव. भरलेली होती ती एकच ओळ, झोपेची.

'तीन रात्री नाही.'

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.