एकेचाळिसावा जोड

कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या बाईची एरवी कुणाला आठवण होत नाही. चूक झाली की मात्र सगळे तिलाच शोधतात. एका शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्यातही तसंच दिसायला हवं, एवढं माझं काम. बावीस वर्षं करतेय.

या खेपेला टीव्हीची गुन्हेगारी मालिका होती. डोंगरातला बंदिस्त पंथ, तिथून नाहीशी झालेली मुलगी, तिला शोधणारी इन्स्पेक्टर. शूटिंगला कांगवोन प्रांताच्या डोंगरातली एका खऱ्याच पंथाची जागा मिळाली, कित्येक वर्षं ओस पडलेली. मी तिथेच वाढले, हे युनिटमध्ये कुणाला बोलले नव्हते. कागदावर जागेचं नाव वाचलं, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. त्याचंच जरा नवल वाटलं.

पंथात सगळ्यांचे जोडे सारखेच असायचे, पांढरे, रबरी. ओळखू यावेत म्हणून आत तापल्या दाभणाने ठिपके द्यायचे. माझे दोन, माझ्या मोठ्या बहिणीचे, सुनरेताईचे, तीन. चौदाव्या वर्षी, सगळे प्रार्थनेला बसले असताना, मी पळाले. ताई मागोमाग येणार होती. गुडघाभर बर्फ होतं. खाली बसथांब्यावर जोडे झटकले, तर आत तीन ठिपके. घाईत मी तिचेच घातले होते, आणि माझ्या जोड्यात तिचा पाय मावणं शक्य नव्हतं.

ताई आली नाही. ती दुसरीकडे कुठे पळून गेली, असं पंथाने शहरात राहिलेल्या आईला कळवलं. वाट बघतच आई गेली. तीन ठिपक्यांचा तो जोड अजून माझ्या कपाटात आहे. ताई निघाली होती, की माझ्यावर रुसून मागेच राहिली, एवढंच मला कळायला हवं होतं.

ऑक्टोबरातलं कोरडं, लख्ख ऊन. प्रार्थनाघरात चाळीस माणसं बसवली, बाहेर पायरीसमोर चाळीस जोड मांडले. सगळे कोरे. मी फोटो काढला.

दुसऱ्या टेकच्या फोटोत एकेचाळीस होते. जास्तीचा रांगेच्या पार टोकाला.

"ग्वांदल, तो टोकाचा जोड कुणाचा?" मी सामान सांभाळणाऱ्याला विचारलं.

"मालसुनताई, चाळीसच आणलेत. तुम्ही आता चष्मा बदलाच."

तिसऱ्या टेकला तो जोड मी बसले होते त्या पायरीपाशी होता.

मग इन्स्पेक्टर खाली वाकून एक जोडा उचलते, तो शॉट. इदामने, आमच्या नायिकेने, नेमका तोच उचलला आणि तोंड वाकडं केलं.

"मालसुनताई, हा ओला आहे."

तिने तो उपडा केला. मूठभर बर्फ धुळीत पडलं.

"बर्फ पुढच्या भागात आहे," दिग्दर्शक कु साहेब म्हणाले. "मालसुनताई, झोपलात का?"

"पण काम मस्त केलंय हं," इदाम म्हणाली. "ही टाच बघा ना."

मी जोडा हातात घेतला. आत दोन ठिपके होते. मागची टाच सुरीने वेडीवाकडी कापली होती, मोठा पाय आत जावा म्हणून.

ताई निघाली होती.

मला रडू आलं नाही. जोडा जागेवर ठेवला, वहीत नोंद केली. माणसांच्या जागा टिपायला बूट काढून आत गेले.

बाहेर आले, तर माझे बूट कुणीतरी फाटकाकडे तोंड करून नीट लावून ठेवले होते. लहानपणी ते ताई करायची.

रांगेत चाळीसच जोड होते.

पॅकअप झालं. मी फाटकाकडे निघाले. मागून, दोन पावलांवरून, रबर फटक फटक वाजत होतं.

मी वळून पाहिलं नाही. फक्त चाल कमी केली. टाच कापलेल्या जोड्यांत भरभर चालता येत नाही.