साखळीवरचा रेनकोट

पहिल्याच भेटीत मी त्याच्या डोक्यात बूट घालणार होते. अगदी खराखुरा, लोखंडी टाचेचा!

बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचे फोटो काढायला मी आले होते. आठ दिवसांचं काम. कामगारांच्या कपडे बदलायच्या दालनात शिरले आणि मान वर करून पाहतच राहिले... छताला शेकडो कप्प्या, त्यांवरून खाली आलेल्या साखळ्या, आणि वर आकड्यांना लटकलेले कोळशाने माखलेले जुने कपडे. मी एक साखळी सोडली मात्र – धप्प!

बाकामागून हातात तेलाची बुधली घेतलेला एक माणूस उभा राहिला.

"लागलं का?" मी घाबरून विचारलं.

"बुटाला? नाही," तो म्हणाला.

तो खाणीतला फिटर. जुनी यंत्रं गंजू नयेत म्हणून आता एकटाच सांभाळायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला एकच नियम सांगितला, "त्या उतरत्या बोगद्यात जायचं नाही. फाटक मोडलंय." त्यानंतर दिवसाला दहा वाक्यं बोलला असेल तर शपथ. पण माझा स्टँड उचलायचा, उजेडासाठी पांढरी चादर धरून तासभर उभा राहायचा. पाचव्या दिवशी मी त्यालाच यंत्रापुढे उभं केलं.

"हलू नका ना!"

"मी कुठे हलतोय? तुमचाच हात हलतोय."

खरंच हलत होता. मी लाजून लेन्स पुसत बसले. काय करणार, आवडायला लागला होता मला तो मुखदुर्बळ माणूस!

आठवा दिवस उजाडला. चारच्या बसने मी निघणार होते. सकाळी भिजत पोहोचले, निथळता रेनकोट एका आकड्याला अडकवला आणि साखळी ओढून वर चढवला. काळ्या कपड्यांत तो लालभडक रेनकोट इतका छान दिसला, की दोन फोटोही काढले. मग फिटरकडे गेले.

"आज जाते मी..."

तो नट आवळत होता. जरा थांबला. "बरं," म्हणाला.

नुसतं बरं! माझं डोकंच फिरलं. पाऊस थांबला होता. कॅमेरा उचलला आणि रेनकोट न घेताच तडक मागच्या टेकडीवर जाऊन बसले. फोटोचं निमित्त, खरं तर फुगून बसले होते. दोन तास गेले. राग ओसरला, भूक लागली, तशी खाली उतरले.

बोगद्याच्या तोंडाशी तो उभा होता. कोपरापर्यंत काळा, हातात दिवा, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलतेय.

"कुठे होतीस तू?" तो ओरडला. हाच का तो दहा वाक्यांचा माणूस?

"टेकडीवर. फोटो... अहो, झालं काय?"

त्याने माझी बाही धरून मला दालनात नेलं आणि वर बोट दाखवलं. "हे! खाली उतरताना माणूस घरचे कपडे वर चढवतो. परत आला की ते काढून मळके चढवतो. पाळी सुटल्यावर कुणाचे चांगले कपडे वर राहिले, तर..." त्याने दिवा बाकावर ठेवला. "तर तो माणूस खालीच आहे."

माझा लालभडक रेनकोट अजून वरच होता.

"नववीत होतो मी. बाबांचा शर्ट दोन दिवस वर होता. आई या बाकावरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी जिवंत काढलं त्यांना. आता रोज भाजीत मीठ कमी म्हणून भांडतात. पण तो शर्ट..."

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "मला खरंच माहीत नव्हतं."

"तीनदा गेलो बोगद्यात. तिसऱ्यांदा सगळं सांगून टाकलं. ओरडून."

"कुणाला?"

"तुला. म्हटलं, कुठे पडली असशील, निदान ऐकशील..."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि हसूही. "मी टेकडीवर होते रे. मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

"आता? असं... उजेडात?"

"हो. उजेडात."

त्याने काळे हात पँटला पुसले. बाकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ नकोस," तो पुटपुटला. "तू गेलीस तर मला करमायचं नाही. मला तू... मला तू हवी आहेस."

"बोगद्यात एवढ्या हळू बोलला होतास?"

"नाही."

"मग?"

त्याने डोळे घट्ट मिटले आणि असा काही ओरडला, की छतातल्या चिमण्या भर्रकन उडाल्या. मी त्याचा हात हातात घेतला आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडले, "नाही जात!"