तीन बॅटऱ्यांचा घाणा

बंदरावरच्या बॅटरी परीक्षणशाळेत डॉ. मृणाल खांडेपारकर सकाळपासून एका जागी बसल्या नव्हत्या. खुर्चीवरून सूक्ष्मदर्शकाकडे, तिथून खिडकीकडे, परत खुर्चीकडे. दुपारी तीनला चौकशी समिती येणार होती आणि त्यांचे सहकारी फरीद मुकादम यांची बावीस वर्षांची नोकरी पणाला लागली होती.

गेल्या दहा दिवसांत आयात केलेल्या तीन इलेक्ट्रिक बाइक चार्जिंगला लावलेल्या असताना पेटल्या. एका परिचारिकेचे दोन्ही हात भाजले. आयातीचा कायदा तसा कडक होता. प्रत्येक बॅटरी तापपेटीत ऐंशी अंशांवर दोन तास ठेवायची आणि तगली तरच तिच्यावर मोहोर उठवायची. तिन्ही बॅटऱ्यांवर मोहोर फरीदभाईंची होती. त्यांनी न तपासताच ती मारली, हे सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. आपल्याकडे निकाल चौकशीच्या आधीच लागतो.

"तपासल्यात मॅडम, किती वेळा सांगू?" फरीदभाई वैतागून म्हणाले.

"इकडे या. बघा यात."

जळक्या बॅटरीचा एक पापुद्रा भिंगाखाली होता. त्यात केसाहून बारीक, चकाकणाऱ्या सुया दिसत होत्या.

"लिथियमच्या सुया," मृणालताई म्हणाल्या. "आपला नियम जुन्या, द्रव भरलेल्या बॅटऱ्यांसाठी केला होता. या नव्या बॅटरीत द्रव नाही, घनपडदा आहे, चिनीमातीसारखा. ऐंशी अंशांना पडद्याला तडे जातात. आपल्या मोजमापात ते येत नाहीत. मग दर चार्जिंगला तड्यातून सुई थोडी पुढे सरकते. पलीकडे पोचली की आग."

"किती चार्जिंगनंतर?"

"तीनशेच्या आसपास. तिन्ही तिथेच पेटल्या. साध्या वापरात बॅटरी इतकी तापतच नाही. आपली परीक्षाच ही आग लावते, फरीदभाई! बॅटरी न तपासता ही सुई निघूच शकत नाही. सुटलात तुम्ही!"

मृणालताईंना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली. फरीदभाई मात्र हसले नाहीत. ते हळूच स्टुलावर बसले.

अहवालाला आकडे हवेत म्हणून मृणालताईंनी चार्जिंग केंद्रांच्या नोंदी पडद्यावर आणल्या. फरीदभाईंच्या खेपेत बाराशे बॅटऱ्या होत्या. झाडून सगळ्यांनी तीनशेचा टप्पा ओलांडला होता. पेटल्या होत्या तीन. उरलेल्या अकराशे सत्त्याण्णव ठणठणीत होत्या.

तापपेटीत एका वेळी तीनच बॅटऱ्या मावतात. परीक्षणशाळेत अशा एका फेरीला घाणा म्हणत.

"एकच घाणा काढलात?" मृणालताईंनी विचारलं.

"वरून साहेब लोक पाहणीला आले होते, त्या दिवशी. त्यांना करून दाखवला." फरीदभाई जमिनीकडे बघत होते. "बाराशे बॅटऱ्यांना शंभर दिवस लागले असते, मॅडम. वरून पंधरा दिवस मिळाले. कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, पण मोहोर मारली. आता खोटं कशाला बोलू?"

मृणालताईंना राग आला आणि त्याच क्षणी काहीतरी आठवलं. दुसरी खेप पंधरा दिवसांनी आली होती. एकशे साठ बॅटऱ्या. तेव्हा फरीदभाई मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते.

"ती खेप मी केली," त्या म्हणाल्या. "चौपन्न घाणे. एकही सोडली नाही."

नोंदीत एकशे साठ ओळी होत्या. चार्जिंगचे आकडे: दोनशे एक्याऐंशी, दोनशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे चौऱ्याण्णव. कोणी दूधवाला, कोणी शिक्षिका, कोणी औषधं पोचवणारा. आज संध्याकाळी घरी जाताना ही सगळी माणसं केंद्रावर गाडी चार्जिंगला लावणार होती.

"मग आत्ताच परत मागवा!" फरीदभाई उठले.

"कशी मागवू? कलम अकरा वाचा. रस्त्यावरून फक्त न तपासलेली बॅटरी काढता येते. तिचं चार्जिंग केंद्रांवरून तासाभरात बंद होतं. परीक्षा दिलेली बॅटरी कायद्याने सुरक्षित. नियम बदलायला दिल्लीला पत्र, मग समिती, मग हरकती. सहा महिने धरा."

"म्हणजे माझ्या चांगल्या बॅटऱ्या उचलतील आणि तुमच्या..."

"हो."

बाहेर गाडीची दारं वाजली. समिती अर्धा तास आधीच आली होती. मृणालताईंनी कलम अकराचा अर्ज उघडला. इतकी वर्षं ज्या मोहोरेचा त्यांना अभिमान होता, ती आता शरमेची होणार होती.

"मॅडम, तुमची नोकरी जाईल. गुन्हाही नोंदवतील."

"तुमचं काय ते समितीला तुम्हीच सांगा, फरीदभाई. मी आज एकदाच खोटं बोलणार आहे."

आणि त्यांनी लिहिलं: दुसऱ्या खेपेतल्या एकशे साठ बॅटऱ्यांपैकी एकही मी तपासलेली नाही.