काचेपलीकडची मेथी

चहूकडे हिरवंगार असताना आई कोमेजली कशी? मंगळावर राहायला आल्यापासून हे कोडं मला काही केल्या सुटत नव्हतं.

आमच्या वसाहतीत प्रत्येक खिडकीतून हरितगृह (काचेखालची बाग) दिसायचं. आत यंत्रमानव माळीकाम करायचे. माणसांना मात्र सक्त मज्जाव! माणसाचा हात लागला की रोग पसरतो, असं माझे आजोबा म्हणायचे. आईचे वडील ते, आणि वसाहतीचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ (झाडांचा अभ्यास करणारे). पिकाच्या बाबतीत भारी खडूस.

एकदा हरितगृहाची काच तडकली. दुरुस्ती होईपर्यंत मेथीचे ट्रे घरोघरी ठेवायला दिले. आई सारखी त्या ट्रेपाशीच! पानं चुरगळून वास घ्यायची, मान टाकलेल्या रोपाला रागे भरायची. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागायला लागली. पण लोकांनी लाडालाडाने इतकं पाणी घातलं, की निम्मी मेथी सडली. आजोबांनी तडकाफडकी सगळे ट्रे परत मागवले.

मग आई बोलेनाशीच झाली. शेवटी डॉक्टरांनी तिला पृथ्वीवर पाठवायचं ठरवलं. त्या तातडीच्या यानाचा वेग मुलांना झेपत नाही, म्हणून मी आणि बाबा इथेच राहिलो.

यान गेल्यावर मी आजोबांवर भडकले. "हिरवं तर रोजच दिसत होतं! मग ट्रे होते तेव्हाच ती बरी कशी होती?"

आजोबा माझ्याजवळ येऊन बसले. "नुसतं बघणं वेगळं, केतकी. वास, स्पर्श, काळजी यांतून निसर्गबंध (आपण निसर्गातलेच आहोत ही आपुलकी) जुळतो. दमलेलं मन तिथे विसावतं. आपल्यावाचून एखाद्या रोपाचं अडतं हे कळलं, की हुरूप येतो. मला सडलेली मेथी दिसली गं, हसणारी लेक दिसली नाही."

"मग यान परत वळवा ना!"

"ते नाही वळत, बाळा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हरितगृहाचं दार सगळ्यांसाठी उघडलं. आत शिरताना मला रडूच आलं. हेच आधी केलं असतं तर?

संध्याकाळी यानातून आईचा फोन आला. माझे हात मातीने माखलेले होते. मी ते पटकन मागे लपवले.

"लपवतेस काय? दाखव."

मी हात पडद्याजवळ नेले. आई कितीतरी वेळ नखांतली माती बघत राहिली.

"आजोबांना विचार," ती हळूच म्हणाली, "परतीच्या यानात मला जागा मिळेल का?"

आजोबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी जोरजोरात मान डोलावली आणि मी ओरडून "हो" म्हटलं.