लाइटसकट खोली

"फ्रिज?"

"बंद!"

"टीव्ही?"

"बंद!"

"वायफाय?"

आत नुसतीच खुडबुड झाली.

"शेपटा, वायफाय!"

"केलं बंद," आतून आवाज आला. कोणी जवळचा नातेवाईक गेल्यासारखा.

फ्यूज दाराबाहेर स्टुलावर उभी राहून विजेच्या मीटरकडे टक लावून बघत होती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. ती पटकन उडायची, म्हणून सगळे तिला फ्यूज म्हणत. तिचा धाकटा भाऊ सतत तिच्या मागे मागे असायचा, म्हणून तो शेपूट. आणि स्टूल धरून उभा होता तो शेजारचा मुलगा, वकील. त्याला नुसतं 'आज उकडतंय' म्हटलं, तरी तो 'कशावरून?' विचारायचा.

घरातलं सगळं बंद होतं. मीटरवरचा लाल दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

"चालूच आहे!" फ्यूज ओरडली. "घरात काहीही चालू नाही आणि हा वीज मोजतोय!"

"मग घरात काहीतरी चालू असणार," वकील म्हणाला. "तू नीट बंद केलं नसशील."

"मी उडेन हं आता!"

"उड, पण आधी स्टुलावरून उतर. माझे हात दुखायला लागले."

खरं तर सुट्टीत त्यांना पोहायला जायचं होतं. पण हे बिलाचं प्रकरण आडवं आलं.

फ्यूजचे बाबा विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते. लोकांच्या चोऱ्यांवर, आगींवर आणि मोडलेल्या पायांवर दिवसभर विश्वास न ठेवणं हे त्यांचं काम. ते काम ते थोडंथोडं घरीही आणत. या भाड्याच्या घरात आल्यापासून विजेचं बिल असं यायचं, जणू बेसिनच्या मागे एखादा कारखाना चालतोय. मीटर तपासणारा येऊन म्हणाला, मीटर ठीक आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायरिंग ठीक आहे. घरमालकीणबाई दूर राहायच्या, त्यांच्या वतीनं घराचं सगळं बघणारे दलालकाका म्हणाले, "वापर, साहेब, वापर! घरात मुलं असली की असंच व्हायचं." थोडक्यात, सगळं ठीक होतं. फक्त बिल ठीक नव्हतं.

शेवटी बाबांनी पिशवीभर स्मार्ट प्लग आणले. हा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायचा आणि त्याच्यात फ्रिजची किंवा टीव्हीची पिन घालायची. मग त्या वस्तूनं किती वीज खाल्ली, ते मोबाइलवर दिसायचं. मोबाइलवरूनच ती चालू-बंदही करता यायची. मुलांनी त्या प्लगांना नाव ठेवलं, 'चहाडखोर'. कारण आईनं पाणी दोनदा गरम केलं, तरी बाबांना ऑफिसात कळायचं!

प्रत्येक चहाडखोराला मोबाइलमध्ये नाव द्यावं लागे. आजोबांच्या गुडघे शेकायच्या पट्टीच्या प्लगला बाबांनी 'आजोबा' असं नाव दिलं. दुसऱ्याच दिवशी भर मीटिंगमध्ये बाबांचा मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, "आजोबा बंद झाले आहेत." सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मोठ्या साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेल्या दिवसाची रजा दिली. बाबा इतके दमलेले होते, की त्यांनी ती घेतली.

चहाडखोरांनी इमानदारीत चहाड्या केल्या. पण त्या सगळ्यांची बेरीज बिलाच्या निम्मीसुद्धा होईना. मग बाबा रोज रात्री जेवताना विचारू लागले, "उरलेली वीज कोण खातंय? खरं सांगा." पहाटे उठून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जाणारी आई तोवर ताटावरच पेंगायला लागलेली असायची. शेपूट मात्र आपणच काही केलंय का, हे आठवत बसायचा.

अखेर बाबांनी जाहीर केलं, "घर बदलायचं. स्वस्तातलं एक बघितलंय. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही."

"हवा छान असेल," आजोबा म्हणाले. मग गुडघ्यावर हात फिरवत हसले. "मी काय, एकदा वर गेलो की गेलोच!"

कोणीच हसलं नाही. आजोबा रोज संध्याकाळी काठी टेकत गल्लीच्या टोकाच्या बाकापर्यंत जायचे. तिथे एका निवृत्त शिंप्याबरोबर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायचे. दिवसभरात तेवढंच त्यांचं बाहेर जाणं. चार जिने चढून गेल्यावर तेही संपणार होतं. शिवाय चहाडखोर लागल्यापासून त्यांनी गुडघे शेकणंही सोडलं होतं. "बरं वाटतंय आता," असं ते सांगत आणि उठताना खुर्चीचा हात घट्ट धरत.

म्हणून सुट्टीत हा तपास!

"आता बोर्डाकडे चला," फ्यूज स्टुलावरून उतरत म्हणाली.

दाराच्या आतल्या बाजूला खटक्यांचा बोर्ड होता. आधीच्या कोणा भाडेकरूनं प्रत्येक खटक्याखाली चिठ्ठी चिकटवली होती. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढची खोली, आतली खोली. शेवटच्या खटक्याखाली काहीच नव्हतं. शेपूट मीटरपाशी राहिला आणि फ्यूज एकेक खटका पाडू लागली.

"लुकलुकतोय... लुकलुकतोय... लुकलुकतोय..." शेपूट कंटाळून म्हणत होता. फ्यूजनं शेवटचा खटका पाडला. "लुक... थांबला! ताई, थांबला!"

घरातल्या सगळ्या खोल्यांचे खटके तर आधीच पाडून झाले होते!

"आपली वीज कोणीतरी दुसरंच वापरतंय!" फ्यूज म्हणाली.

"कशावरून?" वकील सवयीनं म्हणाला, पण त्याचे डोळे चमकले होते. "आणि वापरणारा कोण, ते कसं कळणार?"

"सोपं आहे. बाकीचं सगळं चालू करायचं, हा एक खटका पाडून ठेवायचा आणि वाट बघायची. ज्याची लाइट जाईल, तो ओरडेल. जो ओरडेल, तो चोर!"

बेत झकास होता. फक्त कोणी ओरडेना. तिघं उन्हात दारापुढे बसून राहिले. समोरून एक मांजर गेलं. थोड्या वेळानं तेच मांजर परत आलं. वकिलाला जांभई आली, ती फ्यूजला लागली. शेपूट तर भिंतीला टेकून चक्क झोपला. चोर पकडणं इतकं दमवणारं काम असेल, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ऊन कलल्यावर फ्यूज वैतागून उठली. "चला, घराला एक चक्कर मारू."

घराच्या मागे एक अरुंद गल्ली होती. त्या बाजूला दार असलेली एक कोठीची खोली होती. दाराला भलंमोठं कुलूप होतं. "ती खोली बंद आहे. घरमालकीणबाईंचं जुनं सामान आहे आत," असं दलालकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता त्या बंद दाराखालून एक लालसर ओघळ बाहेर आला होता.

"रक्त!" वकील पुटपुटला आणि पहिल्यांदाच 'कशावरून' विचारायला विसरला.

फ्यूज दोन पावलं मागे सरकली. शेपूट मात्र खाली वाकला. त्यानं ओघळाला लागलेली मुंग्यांची रांग बघितली, बोट बुडवलं आणि ते तोंडात घातलं.

"स्ट्रॉबेरी," तो म्हणाला.

"शी! जमिनीवरचं!" फ्यूज किंचाळली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी चाकांची करकर ऐकू आली. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आइस्क्रीमवाल्या मावशी रिकामी गाडी ढकलत येत होत्या. त्या मुलांकडे बघून दमल्यासारख्या हसल्या, त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं.

आत एक मोठा फ्रीझर होता आणि त्याच्याभोवती तळं साचलं होतं.

मावशी ओरडल्या नाहीत. पालथ्या खोक्यावर मटकन बसल्या. "गेला," त्या हळूच म्हणाल्या. "उद्याचा सगळा माल गेला."

जो ओरडेल तो चोर, असं ठरलं होतं. न ओरडणाऱ्याचं काय करायचं, ते ठरलं नव्हतं. फ्यूजला रडू फुटलं. "मावशी, आम्हीच... आम्हीच खटका पाडला. आम्हाला माहीत नव्हतं हो!"

सगळी हकिगत ऐकून मावशी गोंधळल्या. "पण मी तर दलालसाहेबांना खोलीचं भाडं देते! लाइटसकट ठरलंय आमचं."

"कोणाच्या लाइटसकट?" वकिलानं विचारलं.

"म्हणजे? लाइट ती लाइट. तिला काय नाव असतं?"

"आमची आहे ती," शेपूट म्हणाला.

मावशींचा चेहरा उतरला. "अगं बाई! म्हणजे मी तुमच्या जिवावर..." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तुमच्या बाबांना सांगायलाच हवं. पण पोरांनो, माझं नाव घेऊन भांडण नका करू. दलालसाहेब चिडले तर मला आधी बाहेर काढतील. मी माल कुठे ठेवू?"

फ्यूजनं नाक पुसलं आणि विचार केला. तिची फ्यूज उडून झाली, की डोकं छान चालायचं. "आपण सांगायचंच नाही," ती म्हणाली. "दलालकाकाच सांगतील. मावशी, लाइट गेली की तुम्ही काय करता?"

"त्यांना फोन करते. दुसरं काय करणार?"

"मग तसाच करा. फक्त एक चहाडखोर लावू द्या."

"लावा बाई. आता वितळायला काही उरलंय कुठे?"

मुलांनी खटका वर केला, तळं पुसलं आणि फ्रीझरला चहाडखोर लावला. भिंतीपलीकडचं वायफाय तिथवर पोचत होतं. नुकसान भरून काढायला सुट्टी संपेपर्यंत मावशींची गाडी ढकलायची, असंही कबूल केलं. मग ते आजोबांकडे गेले. चहाडखोरांचं ॲप आजोबांच्या मोबाइलवरही होतं. नवा चहाडखोर मुलांनी फक्त तिथेच जोडला, बाबांच्या मोबाइलवर नाही. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दाबायचं कुठे, ते दाखवून ठेव."

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी दलालकाका घर सोडण्याचा कागद घेऊन आले. नेहमीसारखे प्रसन्न, घाईत आणि दोन फोनांसकट.

"वाईट वाटतं, साहेब," ते पेन पुढे करत म्हणाले. "पण तुमचा वापरच जास्त."

"काका," फ्यूजनं विचारलं, "मागच्या खोलीत काय आहे हो?"

"जुनं सामान. बंद खोली आहे ती."

"तिथे वीज आहे?" वकील म्हणाला.

"बंद खोलीत वीज कशाला? झुरळांना वाचायला?" दलालकाका स्वतःच खदखदून हसले.

बाबांनी दमलेल्या डोळ्यांनी मुलांकडे बघितलं आणि पेन हातात घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत आजोबांनी चष्मा नीट केला आणि मोबाइलवर एक बोट दाबलं.

पेन कागदाला टेकणार, तोच दलालकाकांचा फोन वाजला. मावशींचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "साहेब, खोलीतली लाइट गेली! माल वितळेल!"

"घाबरू नका, बघतो!" दलालकाकांनी फोन ठेवला आणि अगदी सहज बाबांकडे वळले. "साहेब, जरा तुमच्या बोर्डावरचा शेवटचा खटका वर करता? मागच्या खोलीचा आहे तो. सारखा पडतो मेला."

बाबांनी पेन खाली ठेवलं.

"परत सांगा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. त्यांच्या खात्यात या आवाजाला लोक घाबरत.

"शेवटचा ख..." दलालकाका थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हणजे कसंय... मी त्या बाईंना लाइटसकट म्हणालो होतो. आता कोणाच्या लाइटसकट, हे... हे बोलणं राहूनच गेलं."

"म्हणजे फसवायचा हेतू नव्हता?"

"छे हो! माझा काही हेतूच नव्हता! एवढी कामं असतात, साहेब. हेतू ठेवायला वेळ कुठे आहे?"

नोकरीला लागल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच कोणाच्या तरी बोलण्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

तिथूनच घरमालकीणबाईंना फोन गेला. फ्रीझरनं आतापर्यंत खाल्लेली वीज फ्यूजनं वाचून दाखवली. महिन्याचा हिशेब लावला, तर बिलातला न सापडणारा भाग बरोब्बर तेवढाच निघत होता. घरमालकीणबाई बराच वेळ बोलल्या. शेवटी ठरलं, की जादा गेलेलं बिल भाड्यातून वळतं करायचं. मागच्या खोलीला वेगळा मीटर बसवायचा, तोही दलालकाकांच्या दलालीतून.

"आणि मावशी?" फ्यूज फोनजवळ तोंड नेऊन ओरडली. "मावशी राहणार ना?"

"राहतील, बाळ. त्यांनी लाइटसकट भाडं दिलंय, त्यांची काय चूक?"

दलालकाका सही न झालेला कागद आणि दोन्ही फोन घेऊन गेले. आईनं सोफ्यावर आडवं पडूनच तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे माझ्या वाघांनो," ती म्हणाली आणि 'वाघांनो' संपायच्या आत तिला झोप लागली. बाबांनी घसा साफ केला. "पुरावा चांगला गोळा केलात," ते म्हणाले. याहून मोठं कौतुक त्यांनी आजवर कोणाचंच केलं नव्हतं. मग जरा थांबून ते हळूच म्हणाले, "तुमच्यावर संशय घ्यायला नको होता मी."

सुट्टीचे उरलेले दिवस तिघांनी घाम गाळला. आइस्क्रीमची गाडी रिकामी असली तरी जड असते आणि भरलेली असली की फारच जड, हे त्यांना कळलं. वकील चढावर प्रत्येक वेळी विचारायचा, "हा शेवटचा चढ कशावरून?" आणि उत्तर द्यायची ताकद कोणातच नसायची.

एका संध्याकाळी बाकापाशी पोचताच शेपटानं गाडीखालीच बसकण मारली. बाकावरचे शिंपीआजोबा उठून उभे राहिले. "हीच का ती मुलं? पूर्ण गल्लीत गाजताहेत! पण कपडे बघा. धुवून घ्या की जरा!"

"माझी नातवंडं आहेत ती!" लांबून आवाज आला. आजोबा काठी टेकत घरातून निघाले होते. "आणि तो वकीलसुद्धा माझाच! कपड्यांना नावं ठेवायची नाहीत आज!"

फ्यूज त्यांना हात द्यायला धावणार होती, पण पाय उचलेना. ती गाडीला टेकून नुसती बघत राहिली. आजोबांना तिथवर यायला बराच वेळ लागला. दोनदा थांबले, एकदा उगाचच कोणाला तरी वाट दिली.

वाटेत पायरी एकही नव्हती.