आरशात दिसेन तोवर

थिओची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या बुटांपासून. दक्षिण ऑस्ट्रेलियात, पोर्ट ऑगस्टाच्या बाहेर, जुन्या गाड्यांच्या यार्डात मी एका फोर-व्हील ड्राइव्ह गाडीखाली उताणी पडले होते आणि टॉर्च तोंडात धरून गंज शोधत होते. वरून यार्डवाल्याची टकळी चालूच होती... गाडी कशी एकाच हातची आहे, साडेतीन टन कशी हसतखेळत ओढते. तेवढ्यात त्याच्या चकचकीत बुटांशेजारी दुसरे दोन बूट येऊन थांबले. लाल मातीने माखलेले, एकाची नाडी तुटल्यावर गाठ मारलेले.

"ओढायचंय काय पण?" त्या बुटांनी हळूच विचारलं.

"कॅरव्हॅन," मी टॉर्च काढून म्हटलं. "चाकांवरचं अख्खं घरच ते. भरलं की तीन टनांच्या वर जातं."

"मग ही नको घेऊस."

यार्डवाला असा खवळला की विचारू नका. हा माणूस स्वतःची गाडी विकायला आलेला, आणि इथे दुसऱ्याचं गिऱ्हाईक फोडत होता. बूट मात्र जागचे हलले नाहीत.

मी सरपटत बाहेर आले. केसांत माती, गालाला काळं. उंच, हडकुळा, तिशीतला माणूस... त्याने स्वतःच्या गालाला बोट लावून दाखवलं, मी माझा गाल पुसला, तर म्हणाला की दुसरा. आमच्याकडे पहिल्या भेटीतच अरे-तुरे असतं, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं की तुला कोणी मध्ये बोलायला सांगितलं होतं? चुका काढणारी माणसं मला मुळात आवडत नाहीत. तो म्हणाला, कोणीच नाही. जाहिरातीतला आकडा रिकाम्या गाडीचा असतो. माणसं, डिझेल, सामान भरलं की तो खाली येतो. शिवाय ही गाडी अंगानेच हलकी आहे. शेजारून एखादा मोठा ट्रक गेला की मागची कॅरव्हॅन हेलकावे खाईल आणि गाडीलाही घेऊन जाईल. माझ्या बाबांनी सकाळी धापा टाकत हेच सांगितलं होतं. मी मात्र गाडीच्या निळ्या रंगाला भुलले होते.

"माझी बघ," तो म्हणाला. "दिसायला कुरूप आहे. पण हलत नाही."

कुरूप होतीच. कधीकाळी पांढरी असावी. लांबलचक, जड, डाव्या बाजूचा पुढचा लोखंडी बंपर वाकलेला. बाबांनी पढवल्याप्रमाणे मी गिअरबॉक्सची कांडी काढून तेलाचा वास घेतला. जळका नव्हता. मागचा, ओढायचा आकडा चासीला जिथे बसवलेला असतो, तिथे वाकून तडा आहे का पाहिलं. मग चावी मागितली आणि टेकडीच्या चढावर गाडी घातली. एवढं धूड तोंडातून ब्र न काढता वर चढलं. थिओ शेजारी बसला होता, आणि त्या सीटवर कुत्र्याचे केस होते.

इतकी चांगली गाडी विकतोस कशाला, असं मी विचारलं.

"लायसन्स गेलं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"दारू?"

"फिट येतात."

मग त्याने सगळं सांगितलं, जसे गाडीचे दोष सांगावेत तसं. तो शेतोशेत फिरून बोअरचे पंप दुरुस्त करायचा. मार्चमध्ये गाडी चालवतानाच पहिली फिट आली आणि जाग आली ती कुंपणात. या सीटवर बसणारा कुत्रा मात्र जागा झाला नाही. आमच्या भागात लायसन्स नसलेला माणूस म्हणजे घरी बसलेला माणूस. सांत्वन करायला मला कधी जमलेलं नाही.

"बरं... आणखी काही दोष?" मी विचारलं.

तो वळून माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. त्या दिवसातलं पहिलंच हसू असावं ते. "थंडीत दोनदा चावी फिरवावी लागते. पहिल्यांदा नुसती कुरकुरते."

"माझंही तसंच आहे," मी म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

गाडी मी घेतली.

आता बाबांबद्दल सांगते, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. माझे बाबा, क्लेम. त्यांची फुप्फुसं संपली होती आणि डॉक्टर आता आठवड्यांच्या हिशेबात बोलत होते. बाबांचं एकच मागणं होतं. दर हिवाळ्यात दक्षिणेच्या समुद्रात व्हेल पिल्लं घालायला येतात, ते शेवटचं एकदा बघायचं. तेसुद्धा त्या कड्यावरून, त्यांच्या कॅरव्हॅनमधल्या पलंगावरून, जिथून ते आणि आई दर वर्षी बघायचे. आई, इल्मा, चार वर्षांपूर्वी गेली. कॅरव्हॅनच्या मागच्या बाजूला अजून मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'क्लेम आणि इल्मा'. पलंगाची खिडकीही त्याच बाजूला. प्राणवायूचं मशीन, त्यासाठीच्या जास्तीच्या बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या असं करत करत कॅरव्हॅन दगडासारखी जड झाली होती.

पण खरी गोम ओढण्यात नव्हती. खिडकी समुद्राकडे यायची तर कॅरव्हॅन उलटी, मागे मागे, अरुंद गाडीवाटेवरून कड्याच्या काठापर्यंत न्यायला हवी. ते काम जोडीचं. आमच्याकडे कुठल्याही कॅरव्हॅन पार्कात संध्याकाळी जा, नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय, आणि बाकीचे खुर्च्या टाकून, बिअर घेऊन, कोणाचा संसार आज मोडतो ते बघतायत. आई बाबांना खुणा करायची आणि शिव्याही घालायची. मला तर कॅरव्हॅन नुसती सरळ ओढताना घाम फुटायचा.

म्हणून थिओ शिकवायला येऊ लागला. सायकलवरून यायचा, फुटबॉलच्या रिकाम्या मैदानावर. गार वारा, अधूनमधून भुरभुर पाऊस, आणि बाबा नाकात नळी घालून, पांघरूण लपेटून खुर्चीत. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरव्हॅनचं बूड उजवीकडे जायचं. वाट आखायला थिओ रिकामी पिंपं मांडायचा, आणि मी रोज त्यातली दोन-चार आडवी करायचे. थिओ एका शब्दाने बोलायचा नाही, पिंप उचलून परत उभं करायचा.

"हा पोरगा शिव्या देत नाही," बाबा मला म्हणाले. "मला काळजी वाटते."

थिओचा नियम एकच होता. "मागे जाताना मी कायम बाजूच्या आरशात दिसलो पाहिजे. दिसलो नाही, की ब्रेक. विचार करायचा नाही, वाट बघायची नाही. थांबायचं."

"आणि दिसत असलास तर?"

"तर येत राहायचं."

एखाद्या पुरुषाकडे इतका वेळ टक लावून बघायची मला आयुष्यात कधी मुभा मिळाली नव्हती. त्याचे लांब हात, पावसाने कपाळाला चिकटलेले केस, 'बस, बस' म्हणताना वर होणारा तळवा. आरसा पुसायच्या निमित्ताने मी उतरायचे, तर आरसा स्वच्छच असायचा. एकदा तो म्हणाला, "केरिन, आरसा पुसून पुसून झिजला." मी म्हटलं, "तू नीट उभा राहत जा म्हणजे पुसावा लागणार नाही." तो लाल झाला. खुर्चीतून बाबा खोकले, आणि तो खोकला आजाराचा नव्हता.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्याला म्हटलं, चल आमच्याबरोबर. त्याने आडवं पडलेलं पिंप उचलून उभं केलं.

"तुझ्याबरोबर आधीच एक आजारी माणूस आहे," तो म्हणाला. "दुसरा कशाला?"

"ते मी ठरवीन ना."

"नको गं. तिथे, त्या उजाड जागी मला फिट आली म्हणजे? तू कोणाकडे बघशील?"

मी भयंकर चिडले. म्हटलं, मग राहा घरी, सायकल पुसत बस. तो खरंच राहिला. सकाळी निरोप द्यायला तेवढा रस्त्याच्या कडेला आला. गाडीने पहिल्यांदा कुरकुर केली, दुसऱ्यांदा चालू झाली. मी आरशात बघत होते... तो लहान लहान होत गेला, मग वळण आलं आणि दिसेनासा झाला. माझा पाय ब्रेकवर गेला होता. पण शेजारी बाबा होते, आणि त्यांच्याकडे वेळ नव्हता. मी पाय उचलला.

"थांबायचा नियम आहे ना?" बाबा म्हणाले.

"पुढे जाताना नाही," मी म्हटलं.

रस्ता सरळ, आभाळ खाली आलेलं, दोन्हीकडे खुरटी झुडपं. गाडीने शब्द पाळला. ट्रक धाडधाड शेजारून गेले, ती हलली नाही. वाटेत एक मुक्काम करून आम्ही कड्यावर पोचलो तेव्हा जोराचा वारा सुटला होता. गाडीवाट माझ्या आठवणीपेक्षा अरुंद होती. एका बाजूला चुनखडीचे खडक, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत वाळू, आणि मागे... मागे काहीच नाही. खाली समुद्र.

मी तीनदा प्रयत्न केला. आरशात नुसतं आभाळ दिसत होतं. तिसऱ्यांदा कॅरव्हॅनचं एक चाक वाळूत रुतलं, सगळं धूड कलंडलं आणि आतून प्राणवायूच्या मशीनची इशाऱ्याची शिट्टी ऐकू आली. कशीबशी पुढे ओढून, वळवून मी ती झुडपांत लावली, तोंड समुद्राकडे आणि खिडकी रस्त्याकडे. बाबांना आत निजवलं. चालत जाऊन समुद्र बघणं आता त्यांना शक्यच नव्हतं. दोन पावलांत ओठ निळे पडायचे.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "झुडपंही बरी आहेत."

शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. हे नाही सोसलं. दुसऱ्या दिवशी त्यांना झोप लागल्यावर मी गाडी सोडवून मोठ्या रस्त्यावरच्या ढाब्यासारख्या पेट्रोलपंपावर गेले आणि तिथल्या फोनवरून थिओला फोन लावला. मोठं भाषण तयार केलं होतं. तोंडून एवढंच आलं, "आरशात कोणी नाही रे."

मग तो म्हणाला, "मग थांब." आणि फोन ठेवून दिला.

मी थांबले. बाबा आता जेवत नव्हते, फक्त चहात बुडवलेलं बिस्किट. समुद्रावरून व्हेलच्या फवाऱ्याचा आवाज येत होता, फुस्स करून, अगदी जवळून. बाबा डोळे मिटून तो ऐकायचे आणि बोटाने मोजायचे. त्या आवाजाचा मला राग यायला लागला होता.

फोननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मेंढ्यांचा एक ट्रक रस्त्यावर थांबला आणि त्यातून लाल मातीचे बूट उतरले. सेडूना गावापर्यंत बसने आणि तिथून मेंढ्यांसोबत आला होता. अंगाला त्यांचाच वास येत होता. मी काही बोलायच्या आत तो कॅरव्हॅनपलीकडे जाऊन गाडीवाट बघून आला, खडक पायाने चाचपून आला, आणि मग कड्याच्या टोकाशी, समुद्राकडे पाठ करून उभा राहिला.

"तिथे नको," मी ओरडले. "तुला काही झालं तर?"

"मग आरशात दिसणार नाही," तो म्हणाला. "तू थांबशील."

मी कॅरव्हॅन गाडीला पुन्हा जोडली, झुडपांतून काढून वळवली आणि मागे घ्यायला लागले. मी आरशात बघितलं. तो होता. मागे राखाडी पाणी, वाऱ्याने फडफडणारा शर्ट, आणि तो बोलावणारा हात. ये... ये... थोडं डावीकडे... ये. मी बाकी कशाकडे बघितलं नाही. बस, अशी खूण झाली तेव्हा गाडी बंद करून मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडले.

आत गेले तर बाबा उशीला टेकून बसले होते. खिडकीत समुद्र मावत नव्हता. खाली एक मादी होती आणि तिच्या अंगाला अंग लावून पिल्लू. "इल्मा असती तर म्हणाली असती, एक हात डावीकडे हवी होती," बाबा म्हणाले. मग थिओकडे बघून, "पण चालेल."

त्याच संध्याकाळी थिओला फिट आली. बाहेर मांडलेल्या चुलीशेजारी उभा होता, तिथेच कोसळला. मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा कोट घातला आणि दगड बाजूला केले. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी तोंड फिरवलं.

"म्हणून येत नव्हतो," तो म्हणाला.

"मी पळून गेले का?"

"नाही."

"मग झालं तर. मला तू हवा आहेस, थिओ. पडणारा, उठणारा, मेंढ्यांचा वास येणारा. एकदाच सांगतेय, परत विचारू नकोस."

त्याने काही विचारलं नाही. माझा हात धरून ठेवला, आग विझेपर्यंत.

बाबा त्यानंतर चार दिवस होते. शेवटच्या सकाळी ते खिडकीकडे तोंड करून होते आणि मशीन आपलं चालूच होतं. ते बंद करायला मला बराच वेळ लागला.

रुग्णवाहिका बाबांना घेऊन गेल्यावर आम्ही सामान आवरलं. थिओने कॅरव्हॅनचा आकडा अडकवला, साखळ्या लावल्या, मागच्या त्या दोन नावांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. मी स्टिअरिंगवर बसले, दोनदा चावी फिरवली. निघताना सवयीने आरशात बघितलं. कोणी नव्हतं. मी घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं?" थिओ म्हणाला. तो माझ्या शेजारी, कुत्र्याचे केस असलेल्या त्या सीटवर बसला होता.

"काही नाही," मी म्हटलं आणि गाडी पुढे काढली.